दहापैकी साडेनऊ

दाढीच्या साबणांची समीक्षा असा एक लेखनप्रकार आहे, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. हसायला हरकत नाही. पण समीक्षा कुठे कामाला येते आणि कुठे नुसती पाठ थोपटते, हे मला या प्रकारात जितकं स्वच्छ दिसलं, तितकं पुस्तकांच्या किंवा सिनेमांच्या परीक्षणांत दिसलं नाही. वस्तू लहान, तिचं काम ठरलेलं आणि निकाल दहा मिनिटांत गालावर. इथे लपायला जागा कमी आहे. तरी लिहिणारे लपतातच.

आधी वस्तूबद्दल. गेल्या काही वर्षांत, मुख्यतः अमेरिकेत, एकदोन माणसांनी मिळून छोट्या जागेत दाढीचे साबण करायचे आणि थेट गिऱ्हाइकाला विकायचे, असा एक धंदा उभा राहिला. बॅरिस्टर अँड मॅन, आर्कान्सामधली स्टर्लिंग, डिक्लरेशन ग्रूमिंग ही त्यातली प्रसिद्ध नावं. डबी साधारण चार औंसांची, म्हणजे ११३ ग्रॅमची. एका दाढीला दीड ग्रॅम साबण धरला, तर पंचाहत्तर दाढ्या. भारतात बसून मागवायची तर साबणापेक्षा टपाल आणि आयात शुल्कच डोळ्यांवर येतं. म्हणून विकत घेण्याआधी माणूस परीक्षणं वाचतो. मीही वाचतो.

ही परीक्षणं जवळजवळ एकाच साच्यातली असतात. दोन खाती: गंध आणि कामगिरी. कामगिरीच्या खात्यात फेस, निसरडेपणा, पात्याखालची गादी आणि दाढीनंतरची त्वचा. गंधाच्या खात्यात कारागिराने डबीवर छापलेली सुगंधांची यादी जशीच्या तशी, आणि पुढे 'तीव्रता मध्यम'. मग दहापैकी गुण. साडेआठ, नऊ, साडेनऊ. सहाच्या खाली उतरलेला साबण शोधावा लागतो. ज्या परीक्षेत कुणी नापासच होत नाही, तिच्या गुणपत्रिकेवरून पैसे कुठे घालायचे हे कसं ठरवणार?

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. कामगिरी मोजता येते, पण बहुतेक परीक्षणं साबणाऐवजी पाणी आणि हात मोजतात. गंध मोजता येत नाही, पण त्याबद्दल निवाडा देता येतो, आणि नेमका तोच दिला जात नाही. म्हणजे जे आकड्यात मांडायचं ते चुकीचं मोजलं जातं आणि जे शब्दांत मांडायचं त्याला आकडा दिला जातो.

फेस कशासाठी असतो

दाढीचा साबण आणि अंगाचा साबण हे चुलत भाऊ आहेत, जुळे नव्हेत. अंगाचा साबण बहुतेक सोडियम हायड्रॉक्साइडने बनतो, म्हणून वडी टणक होते. दाढीच्या साबणात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा वाटा मोठा असतो. त्याने साबण मऊ राहतो आणि पाण्यात पटकन विरघळतो. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं. त्याने फेस बारीक, दाट आणि टिकाऊ होतो. खोबरेल तेलाने मोठे बुडबुडे झटकन येतात, पण तेवढ्याच झटकन बसतात. एरंडेलाने फेसाला चिवटपणा येतो, ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, लॅनोलिन म्हणजे लोकरीतली चरबी त्वचेवर पातळ थर ठेवून जाते.

काही कारागिरांच्या घटक-यादीत 'गार्सिनिया इंडिका' दिसतं. हे आपलं कोकम. त्याच्या बियांतून निघणाऱ्या ज्या चरबीला कोकणात मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात आणि जी पायांच्या भेगांना लावतात, तीच 'कोकम बटर' होऊन अमेरिकेतल्या डबीत जाते. कारण सोपं आहे: तिच्यात स्टिअरिक आम्ल खूप असतं.

आणि टॅलो. टॅलो म्हणजे गाईगुरांची किंवा मेंढीची वितळवून गाळलेली चरबी. या साबणांच्या जगात तिला मोठा मान आहे. आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांच्या दृष्टीने मात्र निर्णय इथेच होतो, पुढचे गुण वाचायची गरज उरत नाही. टॅलोचे आणि फक्त वनस्पती तेलांचे असे दोन्ही प्रकार मिळतात. साबण यातला कोणता, हे पहिल्याच ओळीत न सांगणारं परीक्षण भारतीय वाचकाच्या निम्म्या उपयोगाचं.

पण फेसाचं काम काय? पाणी केसाला चिकटवून ठेवणं. भिजलेला केस मऊ होतो आणि कापायला कोरड्यापेक्षा खूप कमी जोर लागतो. दुसरं काम पातं घसरवण्याचं. यातलं एकही काम फेसाच्या उंचीवर अवलंबून नाही. तरी परीक्षणाबरोबरचा फोटो बघा: वाडग्यात फेसाचा डोंगर आणि त्यावर आइस्क्रीमसारखं टोक. असा फुगलेला फेस बऱ्याचदा हवेनेच भरलेला असतो. चांगला फेस दह्यासारखा दिसतो: चकचकीत, ओला, जरासा ओघळणारा. फोटोत तो सुंदर दिसत नाही. म्हणून फोटोसाठी केलेला फेस आणि दाढीसाठी केलेला फेस वेगळे निघतात, आणि गुण पहिल्याला मिळतात.

पाण्याला मिळालेले गुण

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात दोन शब्द होते, सुफेन आणि दुष्फेन. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते साबणाला धरतात आणि त्याचा न विरघळणारा पांढरट साका करतात. बादलीच्या कडेला दिसतो तोच. जेवढा साबण साक्यात गेला, तेवढा फेसातून गेला.

आता पुण्यातली दोन घरं धरा. एकात धरणाचं पाणी येतं, दुसऱ्या सोसायटीत उन्हाळाभर बोअर आणि टँकर. साबण एकच, ब्रश एकच. पहिल्या घरातला माणूस नऊ गुण देईल, दुसरा सहा. दोघंही खरंच बोलतायत, पण साबणाबद्दल बोलत नाहीत. 'मिचेल्स वूल फॅट' या लॅनोलिनच्या जुन्या इंग्लिश साबणाची कीर्ती अशीच दुभंगलेली आहे. काहींच्या मते त्याच्यासारखा दुसरा नाही, काहींच्या मते तो रुसका, फेसच धरत नाही. या भांडणाचा मोठा भाग नळाच्या तोंडाशी मिटण्यासारखा आहे. हे ओळखून काही कारागीर साबणात सोडियम ग्लुकोनेट किंवा ईडीटीएसारखं काहीतरी घालतात. ते कॅल्शियमला आधीच बांधून टाकतं. हा खरा कारागिरीचा मुद्दा आहे. पण सुफेन पाण्यावर दाढी करणाऱ्या परीक्षकाला त्याचा पत्ताच लागत नाही.

यावर उपाय फार अवघड नाही. मी साबण तपासतो तेव्हा एक दाढी घरच्या पाण्याने आणि एक बॅटरीत घालायला मिळतं त्या डिस्टिल्ड पाण्याने करतो. दोन्हींत मोठा फरक पडला, तर तसं लिहितो. दुसरी युक्ती अर्ध्या चेहऱ्याची. डाव्या गालाला एक साबण, उजव्याला दुसरा, पातं नवं आणि एकाच कंपनीचं, पुढच्या वेळी बाजू बदलायच्या. जमल्यास फेस घरातल्या दुसऱ्या कुणाला करायला सांगायचा, म्हणजे कोणत्या गालाला कोणता साबण हे आपल्याला कळत नाही.

असं केलं की एक गोष्ट लक्षात येते, आणि ती परीक्षकांना फारशी आवडणारी नाही. चांगल्या कारागिरांच्या साबणांमध्ये कामगिरीचा फरक थोडा असतो. पाणी नीट घातलं की बहुतेक सगळे पुरेसे निसरडे होतात. फरक उरतो तो दोन ठिकाणी: एकदा फिरवलेल्या जागेवर फेस न लावता पुन्हा पातं फिरवलं तर ते अडतं का, आणि तासाभराने गाल ओढल्यासारखे वाटतात का. बाकी नऊ आणि साडेनऊमधला अर्धा गुण हा त्या सकाळच्या मूडचा असतो. मग पंधरा डॉलरची एक डबी आणि पंचवीस डॉलरची दुसरी, यांतला फरक कशाचा? बराचसा वासाचा. म्हणजे जिथे पैसे जातात, तिथेच परीक्षण तोंड बंद करतं.

तीन वास

साबणाला एक वास नसतो, तीन असतात: डबी उघडल्यावरचा, कोमट पाण्याने फेस झाल्यावरचा आणि चेहरा धुतल्यानंतर राहणारा. हे तिन्ही एकसारखे निघणं जवळपास अशक्य आहे. साबण अल्कधर्मी असतो, पीएच नऊ-दहाच्या आसपास. लिंबू-संत्र्याच्या कुळातले वास मुळातच उडून जाणारे, त्यातले काही अशा वातावरणात बिघडतातही. व्हॅनिलिन साबणाला तपकिरी करतं. जड वास, म्हणजे लाकूड, राळ, कस्तुरीच्या जातीचे, मागे रेंगाळतात. अत्तराच्या बाटलीतलं मिश्रण साबणात जसंच्या तसं ओतून चालत नाही. फेसात मोकळा होईल असा वास बांधणं हे वेगळं कसब आहे, आणि कारागिराची खरी परीक्षा तीच आहे.

डबीवरची यादी उतरवून काढणाऱ्या परीक्षणाला हे दिसूच शकत नाही. यादी म्हणजे कारागिराने दिलेलं वचन. ते पाळलं गेलं का, हे सांगणं परीक्षकाचं काम.

शिवाय नाक दमतं. एकच वास पाचसात मिनिटं घेतला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. 'वास टिकत नाही' असं लिहिण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला गालाचा वास घेऊन बघायला सांगावं. आणि गारवा म्हणजे वास नव्हे. इटलीच्या 'प्रोरासो'च्या हिरव्या डबीत निलगिरी आणि मेंथॉल आहे. मेंथॉलला पुदिन्यासारखा वास आहेच, पण गालाला जे गार लागतं ते थंडी ओळखणारे चेतातंतू चाळवल्यामुळे. उन्हाळ्यात हवंहवंसं वाटणारं हे लागणं परीक्षणांत गंधाच्या खात्यात जमा होतं, आणि तिथले गुण उगाच फुगतात.

नेच्याचा वास

या साबणांमधला सगळ्यात मोठा गंधप्रकार म्हणजे 'बार्बरशॉप'. त्याचं मूळ १८८२ सालच्या एका फ्रेंच अत्तरात सापडतं: उबिगां या पेढीचं 'फुजेर रोयाल', कर्ता पॉल पार्के. फुजेर म्हणजे नेचा. गंमत अशी की नेच्याला सांगण्यासारखा वास नसतो. पार्केने लॅव्हेंडर, ओकमॉस आणि प्रयोगशाळेत बनवलेलं कूमारिन यांतून एक वास रचला आणि त्याला नेच्याचं नाव दिलं. कूमारिनला नुकत्याच वाळलेल्या गवताचा गोडसर वास असतो. पुढे या कुळातल्या वासांनी पुरुषांच्या साबण-पावडरींचं जग व्यापलं, आणि ज्या न्हाव्याच्या दुकानांत ती वापरली गेली त्या दुकानांचं नाव वासाला पडलं.

'बॅरिस्टर अँड मॅन'चा 'सेव्हिल' याच घराण्यातला. बर्गमॉट, लॅव्हेंडर, रोझमेरी, खाली ओकमॉस. त्यात नवं काही नाही. तरी मी त्याला या प्रकारातला उत्तम साबण मानतो, आणि कारण सांगतो. डबीत बर्गमॉट पुढे असतो, फेसात रोझमेरीचा हिरवा, किंचित कडू वास वर येतो आणि धुतल्यावर शेवाळासारखा ओलसर, थंड वास थोडा वेळ राहतो. तिन्ही पायऱ्यांवर वास वेगळा आहे, पण माणूस तोच वाटतो. बऱ्याच बार्बरशॉप साबणांत फेस झाला की लॅव्हेंडर एकटा उरतो आणि धोब्याकडून आलेल्या कपड्यांसारखा वाटायला लागतो.

ओकमॉसची गोष्ट इथे संपत नाही. ओकच्या झाडावर वाढणाऱ्या या दगडफुलाच्या भावंडात अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल असतात आणि त्यांची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते. २०१७ साली युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत या दोन्हींवर बंदी घातली. आता ते काढून टाकलेला ओकमॉस वापरता येतो किंवा त्याची नक्कल करावी लागते. 'पूर्वीसारखा वास नाही' अशी कुरकुर करताना हे माहीत असावं. तो बदल प्रत्येक वेळी आळसामुळे होत नाही.

कोणाचं नाक

'बार्बरशॉप' हे कोणाचं दुकान? माझ्या गावच्या केशकर्तनालयाला तुरटीचा, टाल्कम पावडरचा, ओल्या टॉवेलचा आणि भिंतीवरच्या देवापुढच्या उदबत्तीचा वास होता. लॅव्हेंडर त्यात नव्हता. म्हणजे एखादा अमेरिकन परीक्षक 'आजोबांची आठवण झाली' म्हणून दहा गुण देतो, तेव्हा ते गुण त्याच्या आजोबांचे असतात. तुर्कस्तानच्या 'आर्को' साबणकांडीला सिट्रोनेलासारखा लिंबट वास आहे. तिकडे पुष्कळांना त्यावरून मुतारीतली गोळी आठवते. मला संध्याकाळी डासांसाठी अंगाला लावायचं मलम आठवतं आणि वास आवडतो. दोन्ही मतं आठवणींची आहेत. आठवण बाजूला ठेवता येत नाही, पण ती कुठली, हे सांगता येतं.

चंदनाचं तसंच. परदेशी साबणावर 'सँडलवूड' लिहिलेलं असलं, तरी आत बऱ्याचदा ऑस्ट्रेलियन चंदन किंवा प्रयोगशाळेतला पर्याय असतो. सहाणेवर उगाळलेल्या खोडाचा दुधट, शांत वास ज्याच्या नाकात बसला आहे, तो त्या साबणाला लबाड म्हणेल. पण तिकडे 'सँडलवूड' हा लाकडी, मसालेदार असा स्वतंत्र ढंग झाला आहे. त्या ढंगात तो चांगला असू शकतो. मी दोन्ही लिहितो: चंदन म्हणून नापास, साबण म्हणून पास.

मराठी नाकाची एक जमेची बाजूही आहे. इंग्रजी याद्यांत 'सिप्रिऑल' येतं, तो आपला नागरमोथा. 'व्हेटिव्हर' म्हणजे वाळा. 'दवाना' म्हणजे जोतिबाला वाहतात तो दवणा. दिवाळीच्या उटण्यात नाक घातलेल्या माणसाला यातलं निदान काहीतरी ओळखीचं निघतं. आणि निवाडा देणारे शब्द तर आपल्याकडे ढिगाने आहेत. दरवळ आणि भपकारा यांत फरक आहे. खमंग, उग्र, कोंदट, कुबट, खवट, करपट, आंबूस, मंद. यातला प्रत्येक शब्द वासाचं वर्णन करतानाच त्याच्याबद्दल मतही देतो. 'गंध ९.५' लिहिण्यापेक्षा 'डबीत भपकारा, फेसात मंद' हे चार शब्द वाचकाला जास्त सांगतात.

पहिला पाऊस

एक उदाहरण देतो, नाव न घेता. एका लहान कारागिराने पहिल्या पावसाच्या वासाचा साबण काढला. अवघड विषय. या वासाला १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकॉर' हे नाव दिलं, पण आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा वास वाफेने काढून चंदनाच्या तेलात धरतात, ती कला जुनी आहे. प्रयोगशाळेतली सोपी वाट म्हणजे जिओस्मिन. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि बिटाचा मातकट वासही त्याचाच. माणसाचं नाक त्याला इतकं तिखट आहे की लाख कोटी भागांत काही मोजके भाग असले तरी कळतात. म्हणजे थेंब जास्त पडला की संपलं.

इथे तो पडला होता. डबीत बीट, फेसात बंद तळघर, धुतल्यावर काहीच नाही. पावसाआधीची तापलेली जमीन त्यात नव्हती, फक्त नंतरचा चिखल होता. कामगिरी मात्र उत्तम होती. परीक्षणं नऊ, साडेनऊ. सगळ्यांना तो माणूस आवडत होता, काहींना डबी भेट म्हणून मिळाली होती, आणि एकट्याने धंदा करणाऱ्याचं मन कशाला मोडा? मी वर लिहिलं तसंच त्याला कळवलं. उत्तर लगेच आलं नाही. काही महिन्यांनी पुढच्या घाण्यातली डबी घेतली. कुबटपणा उतरला होता, खाली वाळा आला होता, फेसात कोरड्या मातीची चाहूल होती. धुतल्यावर अजूनही काही राहत नाही. पण आता तो पावसाच्या दिशेने तोंड करून उभा आहे.

त्याने माझं ऐकून बदल केला असा माझा दावा नाही. पण साडेनऊ गुण ऐकून त्याला काय बदलता आलं असतं? परीक्षकाच्या गोडव्याचा भुर्दंड आधी गिऱ्हाइकाला बसतो आणि मग कारागिराला. गिऱ्हाईक एकदा फसतं आणि पुन्हा येत नाही. कारागिराला कळतच नाही की ते का आलं नाही.

वाचताना काय बघावं

तुमच्यातल्या पुष्कळांना दाढी आहे, काहींचं ट्रिमरवर भागतं. हरकत नाही. अत्तर, कॉफी, हेडफोन, कशाचंही परीक्षण वाचताना हे प्रश्न लागू पडतात. साबणापुरतं बोलायचं तर मी एवढंच शोधतो: पाणी कसलं होतं, किती दाढ्यांनंतर लिहिलं, चरबी कोणती, तिन्ही वास वेगळे सांगितलेत का, डबीवरचं वचन पाळलं गेलं का, आणि लिहिणाऱ्याचं नाक कुठून आलंय. शिवाय साबण विकत घेतला की भेट मिळाला. हे सगळं असेल तर आकडा नसला तरी चालतो. आणि एकही 'नाही' नसलेलं परीक्षण मिळालं, तर डबी मागवू नका. नमुन्याची छोटी पुडी मागवा आणि घरच्या पाण्याने दाढी करून बघा.